घोडी मागे पाहते

लाडक्या अमा-ले,

जुले. मी सुखरूप आहे, तुझे लोकरी मोजे पायात आहेत. धाकट्याच्या जागी मीच घोडी घेऊन खिंड ओलांडली.

वाटेतल्या गावात म्हातारी डोलकर आबी माझ्यामागे पाहत म्हणाली, "तो हसरा कुठाय? तुला मुक्याला कुणी पाठवलं?" तो बर्फाखाली गेला, हे सांगितल्यावर ती खूप रडली. मला त्याचा हेवाच वाटला.

खिंडीवर घोडी अडली. तिथल्या देवाच्या दगडांवर सातूचं पीठ उधळलं, की उरलेली चिमूट धाकटा तिला द्यायचा. मीही दिली. तिनं खाल्ली आणि पुन्हा मागे पाहत राहिली.

तुझा गुडघा कसा आहे? मी घरी आलो की दारात तूही माझ्यामागे पाहू नकोस.

तुझा थोरला,
स्कालझांग