सिब्दूचे खड्डे आणि माझी सहा ओळींची चूक

चि. कुकास थोरल्या भावाचे पोटभर आशीर्वाद.

तू बरा असशील, पायाची जखम भरली असेल, मळ्याचा मालक वेळेवर जेवू घालत असेल. इकडे मी बरा, तुझी वहिनी बरी, तुझी सिब्दू आणि तुमची तिन्ही पोरं बरी, गाढवसुद्धा बरं. झाली विचारपूस. (आपले बाबा एवढं विचारायला अर्धी सकाळ घ्यायचे. मला तेवढा दम नाही, आणि कागदही एकच आहे.)

तुझं पत्र पोचलं. जमीन मेली, गावात राहून उपाशी मरायचं कशाला, सुगी झाली की सिब्दूला आणि पोरांना बसमध्ये बसवून आयव्हरी कोस्टला पाठव, असं तू लिहिलंस. सुगी झाली. मी त्यांना बसवलेलं नाही. का, ते सांगतो. मधे तोंड घालू नकोस.

ओढ्यापलीकडचा आपला तुकडा तुला आठवतो. तव्यासारखा. पाऊस पडला की पाणी वरच्या वर पळून जायचं, आणि बूड भाजतं म्हणून तिथं शेळीही बसायची नाही. गेल्या वर्षी, धुळीचा वारा सुटला त्या महिन्यात, तुझी बायको कुदळ घेऊन नेमकी तिथंच गेली आणि खड्डे खणायला लागली. टोपलीएवढा खड्डा, त्याच्याशेजारी दुसरा, त्याच्याशेजारी तिसरा, ओळीनं. प्रत्येकात मूठभर शेणखत. मी म्हणालो, पाऊस यायला चार महिने आहेत, कुणाला पुरतेस? ती खाली बसली, रीतीप्रमाणे मान लववली, अगदी मर्यादेनं "हो भाऊजी" म्हणाली आणि उठून पुढचा खड्डा खणायला लागली. (तुझी बायको 'नाही' म्हणायला 'हो' वापरते. तुला हे माहीत असणार. मला लग्नाच्या आधी सांगायला हवं होतंस.) दोन हजारांपर्यंत मी खड्डे मोजले, मग मलाच थकवा आला. तिला आला नाही.

शेण पडलं तशी वाळवी आली. आता वाळवी दिसल्यावर शहाणा माणूस काय करतो? मडकं उपडं घालतो, सकाळी उचलतो आणि खालची वाळवी कोंबडीच्या पिल्लांपुढं झटकतो. बाबांनी केलं, आजोबांनी केलं. इथं तर आयते खड्डे, आयतं शेण. माझी गिनी कोंबड्यांची चाळीस पिल्लं चोची वासून बसलेली. मी ओढ्याकडच्या सहा ओळींवर मडकी मांडली. सिब्दूला विचारलं नाही. दिराने भावजयीला वाळवी मागायची, हे काय बोलणं झालं? पिल्लं अशी फुगली की चालताना डुलायची.

मग पाऊस आला. बाकी सगळ्या खड्ड्यांतलं पाणी जमिनीने घटाघटा प्यालं, आणि माझ्या सहा ओळींत डबकी साचली. ज्वारी वर आली. सगळीकडे माझ्या डोक्याच्या वर, आणि त्या सहा ओळींत गुडघ्याला. मी म्हणालो, बी वाईट असेल. मी म्हणालो, नजर लागली. तेवढ्यात कोंबड्या घ्यायला झेर्बो आला. सामो जातीचा. (सामोने चेष्टा करायची आणि आपण मोसींनी रागवायचं नाही, हा दंडक ज्याने घातला त्याला माझ्यासमोर आणा.) त्याने कोंबडी हातात तोलली, शेताकडे बघितलं, मडक्यांच्या खुणा बघितल्या आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल असा ओरडला, "अरे माझ्या गुलामा! भावजयीचे मजूर कोंबड्यांना चारलेस होय? ती वाळवी भोकं पाडते म्हणून पाणी आत जातं! तुझ्या डोक्यालाही दोन-चार पाडून घे, काहीतरी आत जाईल!" बायका हसल्या. तुझी वहिनी सगळ्यात जास्त हसली.

सिब्दू हसली नाही. ती खाली बसली, मान लववली आणि म्हणाली, "भाऊजी, सहा ओळी तुमच्या कोंबड्यांनी खाल्ल्या. सहा कोंबड्या माझ्या अंगणात सोडा." सोडल्या. काय करतो!

आता ऐक. कणगी भरली. नुसती भरली नाही, वरचं गवताचं टोपण बसेना, मी चढून दाबून बसवलं. पुढचा पाऊस येईपर्यंत रोज दोन्ही वेळा चुलीवर घाटा शिजेल, पोरांना पातेलं खरवडून बघायला लागणार नाही. मेलेल्या जमिनीतून हे निघालं, कुका. माझं वय बघ, मी असं बघितलं नव्हतं. बाबांनीही नाही. तिला मी हे बोललेलो नाही. कौतुक केलं की माणूस काम टाकून ऐकत बसतं.

तुझा थोरला भाऊ,
नोंगमा

ता. क. : खरं काम राहिलं. माझ्या पश्चिमेच्या माळावरही खड्डे हवेत. तिला म्हणालो, तर म्हणते, "तुमच्या भावाने मला तिकडे बोलावलंय. ज्याची कणसं मला खुडायची नाहीत ते शेत मी का खणू?" तेव्हा पत्र मिळताच लिही की बोलावणं रद्द. तुझ्या मनाने लिहिलंस असं वाटू दे. धुळीचा वारा सुटला आहे, लवकर कर.

ता. क. दुसरा : पाणी प्यायला उठलो तेवढ्यात तिने हे सगळं वाचलं. (पोरांच्या शाळेत संध्याकाळी बसून वाचायला शिकली, मला कुणी सांगितलं नाही.) म्हणते, रद्द करायला पत्र कशाला, ती जाणारच नव्हती, मला तिचे खड्डे हवेत हे माझ्या हातून लिहून घ्यायचं होतं, ते झालं. उद्यापासून खणायचं, मडकी घरी ठेवायची. आणि तुला निरोप आहे : चौघांना तिकडे नेण्यापेक्षा एकट्याने इकडे यायला सोपं. तुझ्या वाट्याच्या ओळी तिने काठीने आखून ठेवल्या आहेत. खणलेल्या नाहीत.