सोफ्याची पाठ दाराकडं

लोणावळा
१२ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास,
अनघाचा सविनय जयभीम.

वि. वि. पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. तुला फोन करावा तर तू बरं बरं म्हणतेस आणि ठेवून देतेस. मी काय बोलले ते पुन्हा तुझ्या शेजारच्या अंबूबाईंना सांगावं लागतं. मेसेज पाठवावा तर तुझा मोबाईल चार्ज करून रुमालाखाली झाकून ठेवलेला. त्यापेक्षा आपलं पत्र बरं. तुझं अक्षर दिसलं की तूच दिसतेस.

फ्लॅटची किल्ली मिळाली, आत्या! एक खोली, स्वयंपाकघर आणि हॉल. हॉल म्हणजे तुझ्या पडवीएवढाच, पण बाल्कनीतून पार डोंगरापर्यंत दिसतं. तो नीट मांडून द्यायला पायल नावाची मुलगी येते. हॉटेलच्या रिसेप्शनवर माझ्याबरोबर होती, आता लोकांची घरं सजवते. तिनं टॅबवर इतके प्रकार दाखवले की मला रात्री स्वप्नातसुद्धा सोफे दिसतात. स्कॅन्डिनेव्हियन म्हणजे सगळं पांढरं आणि फिकट लाकूड. जपानी म्हणजे बुटकं फर्निचर, मोकळी जमीन आणि कोपऱ्यात एकच मडकं. बोहो म्हणजे दोऱ्यांच्या झालरी, वेताचे दिवे आणि झाडंच झाडं. तुझ्या जावयाला, म्हणजे सुरजला, राजेशाही आवडलं होतं, सोनेरी पायांचं. पायलनं त्याच्याकडे असं बघितलं की बिचारा चहा करायला निघून गेला.

ती म्हणते, दार थेट हॉलमध्ये उघडतं, म्हणून सोफ्याची पाठ दाराकडे करायची, म्हणजे आत येण्याची वाट वेगळी आणि बसायची जागा वेगळी होते. समोरच्या भिंतीवर टीव्ही आणि त्याच्या शेजारी माणसाएवढा आरसा. आरशानं खोली दुप्पट दिसते म्हणे. सोफा उघडला की पलंग होतो. तो कुणासाठी ते तुला कळलं असेलच.

आता खरं बोलते. श्रावणात तुझ्या मागून टेम्पो हॉर्न वाजवत आला, तुला ऐकू गेलं नाही आणि तू बांधावरून खाली गेलीस. अंबूबाईंनी सांगितलं तेव्हापासून मला धड झोप नाही. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते, तू मला कडेवर घेऊन आलीस, तेव्हा जागा आहे का म्हणून कुणाला विचारलं नव्हतंस. आता तू माझ्याकडे यायचं. पाहुणी म्हणून नाही, कायमचं.

सुरजचा जयभीम. उत्तर लवकर लिही. माया आहे तशीच ठेव.

तुझी,
अनघा


आंदर मावळ
२१ ऑक्टोबर २०२४

चि. अनघास,
आत्याचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

पत्र पावलं. अंबूबाईनं दोनदा वाचून घेतलं, मग तिच्या सुनेनं वाचलं. आता साऱ्या आळीला ठावं हाय की सुरजरावांना सोन्याच्या पायाचा सोफा पायजेल. त्यांना म्हणावं, लाजू नका, मला बी आवडला असता.

तुझं ते जपानी का काय, त्याचं मला लय हसू आलं. बुटकं बसायचं, जमीन मोकळी, कोपऱ्यात एक मडकं. अगं, आपली खोली आजवर तशीच हाय की. त्या पायलला हिकडं घेऊन ये, मडक्यातलं गार पाणी देते. पण पांढरं काय करू नगं बाई. मी भाताच्या चिखलातनं येनार, तुझ्या पांढऱ्यावर माझ्या पायाची नक्षी उमटंल. आन हॉलात आरसा कशापायी? आलेला पाहुणा चहा पिताना सोताचंच तोंड बघत बसंल. म्हातारीला तर आरसा दाखवूच नये, उगा घाबरायची.

कायमचं यायचं म्हनतीस, पोरी, ते एवढं सोपं न्हाई. चांगली मांडलेली खोली आन मधी मी, पोत्यावानी. तुझ्याकडं हॉटेलातली मानसं येनार, सुरजरावांचे कंपनीतले येनार. मला काय इचारलं की मी तिसरंच सांगनार, मग तुमी हसनार न्हाई, पन त्ये हसतील. आन तू मान खाली घालशील, ते मला बघवायचं न्हाई.

तरी तुझा शब्द मोडत न्हाई. इंद्रायणी भात कापून झाला की आठ दिस येते. राहून बघते. मग ठरवू.

अंबूबाईच्या म्हशीला रेडी झाली. खरवस तुला मिळाला न्हाई म्हनून मी बी कमीच खाल्ला. जिवाला जप.

तुझी आत्या
शालन


लोणावळा
३ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

वि. वि. तुझं पत्र वाचून सुरज इतका हसला की त्याला ठसका लागला. पायललाही वाचून दाखवलं. तिला मडक्यातलं पाणी प्यायला यायचंच आहे.

तुझं ऐकलं. पांढरं रद्द, भिंतींना फिकट मातकट रंग दिला. आरसाही रद्द केला. पायलनं बराच वाद घातला, पण माझ्या आत्याला नको तर नको, असं मी तिला स्पष्ट सांगितलं. त्या जागी केळीच्या पानांचा वॉलपेपर लावला, तुला हिरवं आवडतं म्हणून. बुद्धांची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर बाल्कनीच्या बाजूला, सकाळचं ऊन पडतं तिथं. तुझा सोफा राखाडी आहे, चिखल दिसायचा नाही.

आणि पोत्याचं पुन्हा लिहिलंस तर मी बोलणार नाही तुझ्याशी. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी गृहप्रवेशाची वंदना ठेवली आहे. सुरज जीप घेऊन तुला न्यायला येईल. लोभ आहे तो घेऊनच ये.

तुझी,
अनघा


लोणावळा
९ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

वि. वि. हे पत्र रागानं लिहिते आहे, तेवढं समजून घे. आठ दिवसांसाठी आलीस आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरून दारात उभी. कारण काय, तर कोंबड्या. कोंबड्यांना अंबूबाई आहेत, आत्या. मला कोण आहे?

तू गेल्यावर मी हॉलमध्ये फिरून प्रत्येक वस्तूला विचारलं, तुझं काय चुकलं म्हणून. सोफा मऊ होता का? पाय जमिनीला टेकत नव्हते का? मूर्तीची जागा पटली नाही का? सुरज म्हणतो, शेजारच्या कोमलताईंनी मोठ्यानं ओरडून विचारलं त्याचं वाईट वाटलं असेल. पण त्यांना तर तू चकल्यांची कृती दिलीस! तू नुसती बसून असायचीस, सारखी मान वळवून मागं बघायचीस, आणि मी विचारलं की काही नाही म्हणायचीस. मला वाटलं होतं, माझ्या घरात तू पाय पसरून बसशील.

एवढं सगळं मी कुणासाठी केलं? आता तो सोफा उघडायचासुद्धा नाही असं ठरवलं आहे. खरं कारण लिहायचं नसेल तर पत्र लिहू नकोस. असं म्हणते, पण लिही.

तुझी,
अनघा


आंदर मावळ
१७ डिसेंबर २०२४

चि. अनघास,
आत्याचा जयभीम.

तुझं पत्र मी कुनाला वाचू दिलं न्हाई. रडली असशील लिवताना, शाई पसरलीया.

बाळ, तुझ्या घराला नावं ठेवायला माझी जीभ झडंल. घर लय गोड हाय. केळीची पानं बघून मला वाटलं आता घड बी लागंल. मूर्तीवर सकाळचं ऊन पडतं तवा तर नुसतं बघत बसावं. सोफा बी मऊ हाय. एक सांगते, उजवीकडच्या गादीवर चहाचा डाग हाय, तो माझा. हात हलला आन सांडला. मी गादी उलटी करून ठेवली, तू ओरडशील म्हनून. सुरजरावांना ठावं हाय, त्यांनी फडकं आनून दिलं. त्यांना काय बोलू नगं, गुनाचं लेकरू हाय.

मान अवघडली होती, ती आता बरी हाय. अंबूबाईनं तेल चोळून दिलं.

हितं माझं बरं चाललंय. मी आपली उंबऱ्याजवळ भिंतीला टेकून तांदूळ निवडत बसते. समोर वाट दिसती. अंबूबाई यायची झाली की आधी तिची सावली अंगनात पडती, मग ती येती. पोस्टमन वळनावर असताना मला कळतं तुझं पत्र हाय का न्हाई, त्याच्या चालन्यावरनं. कुनी अचानक येत न्हाई. मला हितं सारं ऐकू आल्यासारखं वाटतं.

तू खुशाल ऱ्हा. म्हातारीचा राग धरू नगं, ती तुझीच हाय.

तुझी आत्या
शालन


लोणावळा
२ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम, आणि माफीसुद्धा.

वि. वि. तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. मग गादी उलटवून डाग बघितला आणि सुरजला विचारलं. तो म्हणाला, त्या दिवशी सेकंड शिफ्ट रद्द होऊन तो लवकर आला होता. तुला हाक मारली, तुझं लक्ष नव्हतं, म्हणून मागून खांद्यावर हात ठेवला. तू ताडकन उठलीस, कप उडाला, आणि कितीतरी वेळ तू थरथरत होतीस. त्याला वाटलं, चहाचा चटका बसला.

मग मी एक केलं. सुट्टीच्या दिवशी दोन्ही कानांत कापूस घातला, वरून स्कार्फ बांधला आणि तुझ्या जागेवर बसले. सुरजला सांगितलं, तुझी कामं कर, मधे मधे आत-बाहेर जा, मला सांगू नकोस. आत्या, तासभरसुद्धा मला बसवेना. पाठीमागे दार आहे एवढंच डोक्यात. केळीची पानं बघून काय करू? कुणी आलं का, उभं आहे का, गेलं का, काही कळेना. मान वळवून वळवून माझीच मान धरली. शेवटी त्यानं नुसतं कपाट उघडलं, त्याची सावली हलली आणि मी किंचाळले. मग तिथंच बसून रडले. ज्या बाईला तीन दिवस मी अशी बसवली, तिनं मला घर गोड आहे म्हणून लिहिलं.

तू सांगायचं होतंस गं. पण मीही विचारायला हवं होतं ते सोडून सोफ्यालाच विचारत बसले.

रविवारी आम्ही सोफा फिरवून बघितला. एका बाजूनं लावला तर बाल्कनीचं दार उघडत नाही, दुसऱ्या बाजूनं लावला तर स्वयंपाकघरात आडवं होऊन जावं लागतं. सुरज मधेच अडकून बसला. पायलला बोलावलं, सगळं सांगितलं. ती तुझ्या जागेवर जाऊन बसली. मग म्हणाली, आरसा लाव.

केळीची पानं काढली. आता त्या जागी माणसाएवढा आरसा आहे. तुझ्या जागेवर बसलं की त्यात दार दिसतं, चपलांचं कपाट दिसतं, येणाऱ्याचं तोंड दिसतं. मी पुन्हा कापूस घालून बसून बघितलं. सुरज आला तो मला आधी दिसला. त्यानं आरशातूनच हात हलवला.

आठच दिवस ये. नाही जमलं तर मी स्वतः तुला तुझ्या उंबऱ्यावर सोडून येईन आणि पुन्हा विषय काढणार नाही. तुझी वाट बघते.

तुझी,
अनघा


लोणावळा
२५ जानेवारी २०२५, शनिवार

चि. अनघास,
आत्याचा जयभीम.

एकाच घरात राहून पत्र लिवते म्हनून हसू नगं. तू ड्यूटीवर गेलीस, सुरजराव झोपलेत, आन तोंडानं बोलायला गेले तर तू मला बोलूच देत न्हाईस. म्हनून ह्ये टीपॉयवर ठेवते. तुझ्या दाराला माझी पाठच हाय अजून, पन आता भ्या वाटत न्हाई.

उद्या रविवारी मी जानार होते, पिशवी बी भरली होती. आरसा झ्याक हाय. तुझं मन बी झ्याक हाय. पन आपली जागा ती आपली जागा, असं मी ठरवलं होतं.

मग काल संध्याकाळी तू आलीस. मी तांदूळ निवडत होते, वर बघितलं तर आरशात तू. तुला वाटलं मला कळलं न्हाई. चपला काढल्यास, कपाटाला टेकून डोळे मिटून उभी राह्यलीस. तोंड एवढंसं झालं व्हतं. दिसभर त्या हॉटेलात पाहुन्यांना हसून हसून गाल दुखत असत्याल तुझे. लहानपनी ताप आला की अशीच दिसायचीस, आन न्हाई म्हनायचीस. मग तू डोळं पुसलंस, केस सारखं केलंस, हसू आनलंस, आन पुढं येऊन मला हात लावलास. मी आत्ताच बघितल्यासारखं केलं.

पोरी, ते तोंड तू कुनालाच दाखवत न्हाईस. मी गेले तर ते कोन बघनार?

पिशवी रिकामी केलीया. कोंबड्या अंबूबाईनं ठेवाव्या असं कार्ड लिवलंय, ते टपालात टाक. जमिनीचं सुरजरावांशी बोलून ठरवू.

एवढंच मागनं हाय. उद्यापास्नं दारातनं हसू घालून येऊ नगं. हाय तसं तोंड घेऊन ये. मी हितं बसलेली हाय, मला दिसतं.

तुझी आत्या
शालन