शहाणी झाली पोरगी

१२ जानेवारी

दादा,

सकाळी लेकीचं कपाट आवरलं. दुपारी तुझा फोन आला, तिच्या कॅमेऱ्याचा चार्जर सापडला का म्हणून.

उशाशी घेऊन झोपायची तो कॅमेरा. जीव देण्याच्या आठवडाभर आधी तिने तो तुझ्या मुलीला देऊन टाकला. मी घाबरून विचारलं, डॉक्टरांना दाखवू का? तू हसलास. "अगं, शहाणी झाली पोरगी! रडणं थांबलं, जेवायला लागली. डॉक्टरकडे नेऊन उद्या स्थळांना काय सांगशील?" घरात तू मोठा, तुझा शब्द शेवटचा.

आज तुझ्या मुलीचंही कौतुक केलंस. "एवढं होऊन डोळ्यांत टिपूस नाही. उलट आपली सगळी पुस्तकं मैत्रिणींना वाटली. खंबीर आहे बघ!" भाची गेली, तरी तुझी अक्कल जागची हलली नाही.

हे पत्र पाठवणार नाही. तुला समजावत बसायला मला वेळ नाही. तुझ्या मुलीलाच फोन केला आणि सरळ विचारलं, मरावंसं वाटतं का? ती म्हणाली, "आत्या, तू येतेस?"

तिला डॉक्टरांकडे मी नेणार आहे, तुला न विचारता. दाराला कुलूप लावून निघते.

तुझी आता कोणी नसलेली,
बहीण