न काढता येणारा अध्यक्ष

३ फेब्रुवारी, संध्याकाळ
आज माझ्यावर अविश्वास ठराव. चार विरुद्ध तीन. बिल्डिंगचं अध्यक्षपद गेलं. चौथा हात मेहुण्याचा. बायकोचा सख्खा धाकटा भाऊ, मागची विंग, दुसरा मजला. हात वर करताना माझ्याकडे बघून हसला.
मी शांत होतो. ऑफिसची खुर्ची फिरताना अडते, तेल घाला, एवढंच म्हणालो. आवाज कापला, असं बायको म्हणते. ती मीटिंगला नव्हती. म्हणजे बातमी माहेरून आली.

४ फेब्रुवारी
कमिटीने मेहुण्यालाच अध्यक्ष केलं. संकल्प दोन. सूड. आणि रोज सकाळी फिरायला जाणे.

७ फेब्रुवारी
त्याने गेटला तपकिरी रंग दिला. माझ्या काळात करडा होता. आमच्या पुढच्या विंगमध्ये तपकिरी कोणालाच आवडत नाही, कालपासून. आमच्या मजल्यावरच्या वकिलांचं स्वतःचं दार तपकिरी आहे. ते खरवडून काढणार म्हणतात. याला निष्ठा म्हणतात.
फिरणं राहिलं. त्या गेटमधून जाणार नाही.

११ फेब्रुवारी
बराच विचार केला. दोष माझ्यात नाही, पद्धतीत आहे. आपली पद्धत संसदीय. कमिटी नेमते, कमिटी काढते. अध्यक्षाचं डोकं कायम दुसऱ्याच्या मांडीवर. अध्यक्षीय पद्धत पाहिजे. लोक थेट निवडतात. माझ्यासारख्या लोकप्रिय माणसाला हेच योग्य.
नवे नियम लिहायला घेतले. पाच वर्षं अध्यक्षाला कोणीही काढू शकणार नाही. कमिटी तोच नेमेल आणि कारण न देता हाकलेल. नियम बदलायला त्याचीच सही लागेल.
मेहुण्याला सोमवारी नेमायचं, मंगळवारी हाकलायचं. बुधवारी पुन्हा नेमता येईल का, तेही पाहून ठेवलं. येतं.

१५ फेब्रुवारी
तळमजल्यावरच्या मास्तरांना मसुदा दाखवला. जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलेला माणूस. म्हणाले, जुन्या पद्धतीत नको असलेला माणूस लवकर जातो, या पद्धतीत तो मुदत संपेपर्यंत बसतो. चुकीचा माणूस निवडून आला तर काय करायचं?
मी म्हणालो, "मास्तर, उमेदवार मी आहे."
"हो, म्हणूनच विचारतोय."
निवृत्तीनंतर माणसं बोथट होतात.

२२ फेब्रुवारी
सर्वसाधारण सभेत नियम मंजूर. मागच्या विंगनेही हात वर केले. मेहुण्याने दोन्ही. स्वतःच्या पायावर धोंडा म्हणतात तो हा.

२४ फेब्रुवारी
एक अडचण. तिकडून मेहुणा उभा आहे आणि दोन्ही विंगची मतं सारखी. प्रत्येक जण आपल्याच विंगला मत देणार, उमेदवार म्हणून दगड उभा केला तरी. त्यांची मतं फुटली पाहिजेत.
दुपारी सुचलं. बायकोला उभं करायचं. ती मागच्या विंगची लेक. थोडी माहेरची मतं खाईल. आमची विंग तिला देणार नाही, ती तिकडची.
ती म्हणाली, मला वेळ नाही. मी म्हणालो, नुसती सही कर. निवडून आले तर काय, म्हणाली. मी हसलो. तीही हसली. मग टाकी कोण धुतं, असं काहीतरी विचारत होती. मी भाषण लिहीत होतो.

२ मार्च
तपकिरी रंगावर पाऊण तास बोललो. वकील शेवटपर्यंत बसले. त्यांना डुलकी लागली होती, पण बसले.
बायको घरोघर जाते. दोन्ही विंगमध्ये. नळाला पाणी किती येतं, विचारते. तिकडे तिला ताई म्हणतात, इकडे वहिनी. डमी उमेदवाराने इतकं मनावर घेऊ नये, असं समजावलं. बरं म्हणाली आणि तिसऱ्या मजल्यावर गेली.

९ मार्च
निकाल. बायको पहिली. मेहुणा दुसरा.
मतदान गुप्त असल्याने माझा आकडा लिहीत नाही. मला मत दिलं, असं वकील शपथेवर सांगतात. मास्तरही सांगतात. दोघांपैकी एक जण खोटं बोलतो आहे.
तिकडचे म्हणाले, आमची लेक. इकडचे म्हणाले, आमची सून. टाळ्या एकत्र वाजल्या. या बिल्डिंगमध्ये निष्ठा उरली नाही.

१० मार्च
अध्यक्षांनी कमिटी नेमली. मला आणि मेहुण्याला मिळून पंप. मी चालू करायचा, त्याने बंद. जमणार नाही, असं मी स्वयंपाकघरात सांगितलं. तिने नियम काढून शांतपणे वाचला. "कारण न देता," एवढंच मोठ्याने.

१२ मार्च
पंपाजवळ मेहुण्याला बाजूला घेतलं. झालं गेलं विसरू, म्हणालो. पुढची विंग, मागची विंग, एक होऊन अविश्वास ठराव आणू.
त्याने आधी पंप बंद केला.
"भावजी, काढता येत नाही तिला. तुम्हीच लिहिलंय."

१३ मार्च, सकाळी सहा
टाकी बघायला रोज चालत जायचं, असा अध्यक्षांचा आदेश आहे. तपकिरी गेटमधून, मागून वळसा घालून. मेहुणा बरोबर असतो.
फिरायला जाणे सुरू झालं. दोनपैकी एक संकल्प पूर्ण.