दाराजवळची रोपं

६ फेब्रुवारी
मेमो मिळाला. मला!
एकोणीस वर्षं या ग्रीनहाऊसमध्ये रोपं सांभाळतेय, आणि आज कागदावर लिहून आलं — दाराजवळच्या बाकावरील चाळीस रोपांची वाढ खुंटलेली आढळली, पाणी वेळापत्रकाप्रमाणे दिले गेले नसावे, पंधरा दिवसांत लेखी खुलासा करावा. खाली आमच्या विभागप्रमुख साहेबांची सही. तीही वेडीवाकडी, घाईत उरकल्यासारखी. शिपायानं कागद दारातूनच दिला. आत आलं की त्याला शिंका येतात, म्हणून तो कधी आत येतच नाही. आज माझ्याकडे बघितलंही नाही त्यानं.

७ फेब्रुवारी
आमच्या ह्यांना सांगितलं. शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "कपडा घट्ट झाला की नाव शिंप्याचं येतं. गिऱ्हाइकाचं पोट सुटलंय हे मागाहून कळतं."
हसू आलं नाही. भांडी घासताना आलं.

९ फेब्रुवारी
पोरीवर तरी कसं रागावू? चष्मेवाली (मनातल्या मनात मी तिला हेच म्हणते) तीन वर्षं पीएचडीच्या या कामात बुडालीय. टोमॅटोची रोपं जोडीनं लावलेली. जोडीतल्या एकाचं पाणी तोडायचं, शेजारच्याला भरपूर द्यायचं. दोघांची मुळं मातीत एकमेकांना भिडलेली. एक तहानलं की दुसरं पोट भरलेलं असूनही पानांवरची छिद्रं मिटून घेतं का, हे तिला बघायचंय. म्हणजे शेजारच्याची अडचण मुळांतून कळते का. पहिल्यांदा तिनं सांगितलं तेव्हा मी म्हटलं होतं, आमच्या चाळीत भिंतीतून कळते.
आणि आता दाराजवळची सगळीच रोपं बुटकी. तहानलेलीही, पाणी प्यायलेलीही. बाकीच्या बाकांवर मात्र ठीक. तिचा सगळा हिशेब फिसकटला. ती फक्त "मावशी, पाणी नक्की..." एवढं म्हणून थांबली. ते अर्धं वाक्यच जास्त लागलं.

१० फेब्रुवारी
पाणी मी घातलं होतं. रोज. मापानं.

१२ फेब्रुवारी
खुलासा लिहायला बसले. "महोदय" लिहून झालं, पुढे काही सुचेना. मेमो पुन्हा काढला. तर कोपऱ्यावर अंगठ्याएवढा डाग. हिरवट पिवळा. नाकाशी नेला.
टोमॅटोचं पान! हा वास मी झोपेतही ओळखेन. पानं हाताळली की बोटांना असा रंग बसतो, साबणाचा फेससुद्धा हिरवा होतो. पण हा कागद आला त्या क्षणी मी प्लास्टिकच्या फाइलमध्ये घातला होता, तोही धुतलेल्या हातांनी. डाग माझा नाही. शिपाई तर आत पाऊलही टाकत नाही.
मग राहिलं कोण?

१३ फेब्रुवारी
जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन मातीच्या पोत्यांमागे बसले. कुणी आलं नाही. पाठ मात्र धरली.

१४ फेब्रुवारी
आले. साहेब.
सव्वा वाजता. दार लोटून घेतलं, बाकापाशी उभे राहिले. डोळे मिटले. आणि उजव्या हाताची बोटं रोपांवरून फिरवायला लागले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. मग डावा हात. मग पुन्हा उजवा. पंधरा मिनिटं चाललं होतं. तोंड असं, की कानोसा घेतायत कशाचा तरी.
"रोपांना हात लावू नये" ही पाटी त्यांनीच लावलीय. तिच्या बरोब्बर खाली उभे होते.
मी घास हातात धरून बसून राहिले.

१५ फेब्रुवारी
ह्यांचं म्हणणं, सगळ्यांसमोर सांग, एकदाच काय तो निकाल लागू दे. मलाही तेच वाटत होतं. काय काय बोलायचं ते मनात घोकूनसुद्धा ठेवलं. पण तो मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा आठवला की घोकलेलं विसरतेय.

१७ फेब्रुवारी
आज गेले त्यांच्या केबिनमध्ये. त्यांना वाटलं खुलासा आणलाय. मी मेमो टेबलावर ठेवला आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं.
"साहेब, हा डाग माझा नाही."
त्यांनी नाकारलं नाही. मला दार लावायला सांगितलं, बसायला सांगितलं. एकोणीस वर्षांत त्या खुर्चीत पहिल्यांदा बसले.
मग सांगितलं. गेल्या वर्षीची त्यांची लांब रजा प्रशिक्षणासाठी होती असं आम्हाला सगळ्यांना माहीत. ते प्रशिक्षण नव्हतंच, कॅन्सरवरचे उपचार होते. आजार गेला. पण औषधांनी दोन्ही हातांच्या बोटांची टोकं बधिर झाली. शर्टाची बटणं बायको लावून देते. पेन धरलंय की सुटलंय हे बघितल्याशिवाय कळत नाही. (ती सही!) डॉक्टर म्हणाले, बारीक, खरखरीत, मऊ अशा वस्तूंवरून रोज बोटं फिरवत जा, कदाचित संवेदना परत येईल. कदाचित नाही येणार. टोमॅटोच्या पानांवर बारीक लव असते, म्हणून तिथं. घरात बायकोसमोर करायचं नव्हतं. तिचा चेहरा बघवत नाही म्हणाले.
"रोज वाटतं, आज काहीतरी लागेल हाताला," ते म्हणाले. "काही लागत नाही."
भांडायला गेलेली मी. मग म्हटलं, "तुम्हाला कळत नसेल साहेब. त्यांना कळतंय. म्हणून तर बुटकी राहिलीत."
मला हे आधीच सुचायला हवं होतं! इथं येण्याआधी मी रोपवाटिकेत होते तेव्हा आम्हीच रोपांवरून रोज झाडू फिरवायचो, उंच आणि लुकडी होऊ नयेत म्हणून. सारखं काही अंगावरून गेलं की रोप उंची सोडतं, खोड जाड करतं. वारा समजून तयारीला लागतं.
साहेब म्हणाले, "मी हे वर्गात शिकवलंय." मग म्हणाले, "मेमोवर सही करताना मनात आलं होतं. तरी केली."
तेव्हा मात्र राग परत आला. उठले. म्हटलं, खुलासा मी लिहिणार नाही. तुम्हीच त्या पोरीला सांगा, आणि तिला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत सांगा.


१८ फेब्रुवारी
साहेब आज आलेच नाहीत. कुंड्या धुतल्या. धुतलेल्याच पुन्हा धुतल्या.

१९ फेब्रुवारी
सांगितलं त्यांनी! चष्मेवालीला, मला, प्रयोगशाळेतल्या दोघांना आणि शिपायालाही केबिनमध्ये बोलावून. आजाराचंही सांगितलं, लपवाछपवी न करता. मग मेमो मागे घेतल्याचं पत्र दिलं आणि म्हणाले, "चूक माझी होती, आणि ती मला ठाऊक होती. बाईंची मी माफी मागतो." सगळे जमिनीकडे बघत होते. मीही.
शिपाई नंतर ग्रीनहाऊसमध्ये माझ्यासाठी चहा ठेवून गेला. दारापर्यंतच.

२० फेब्रुवारी
चष्मेवाली सकाळभर दिसली नाही. दुपारी आली ती डोळे सुजवून, दाराजवळच्या रोपांसमोर स्टूल ओढून बसली. मला वाटलं, आता उपटून फेकणार. तिनं पट्टी काढली. खोडांची जाडी मोजायला लागली.
पाचच्या सुमाराला मला हाक मारली. म्हणाली, मावशी, बाकाच्या मागच्या कडेला आठ जोड्या अशा आहेत की पुढच्या रोपापर्यंत सरांचा हात पोचतो, मागच्यापर्यंत नाही. मग मागची का बुटकी?
मी म्हटलं, तुझं तूच शोध. पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच.

२६ फेब्रुवारी
नवीन प्रयोग लावला. एका कुंडीत दोन रोपं, मधे पुठ्ठ्याचा आडोसा, मातीच्या वरच. खाली मुळांना वाट मोकळी. डावीकडच्याला रोज दुपारी हात लावायचा, उजवीकडच्याला कुणीही, कधीही नाही. काही कुंड्यांत दोघांनाही नाही.
हात कुणी लावायचा? चष्मेवाली सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेली आणि कामाची वही त्यांच्यापुढे ठेवली. दुपारी सव्वा वाजता, प्रत्येक रोपावर वीस वेळा. सही करून जायचं.
या पोरीला मी भित्री समजत होते.

११ मार्च
साहेब वेळेवर येतात. वीस मोजतात, ओठ हलतात. आता डोळे मिटत नाहीत, गप्पा मारतात. ह्यांच्यासारखीच त्यांनाही विनोदाची सवय आहे हे एकोणीस वर्षांत मला माहीत नव्हतं. बोटांचं विचारलं तर नकारार्थी मान हलवतात. डॉक्टरांनी सांगितलंय, वर्ष उलटून गेलं की फार आशा धरू नका. वर्ष झालंच आहे.
पाटी काढली. मागची बाजू कोरी होती, त्यावर मी कुंड्यांचे नंबर लिहिले.

२ एप्रिल
आज मुळं धुतली. हे काम माझंच. दुसऱ्या कुणी धुतली की तुटतात. पाण्याच्या टबात धरून, माती हळूहळू सुटू द्यायची. चष्मेवाली शेजारी उकिडवी बसलेली, श्वास रोखून.
हात न लावलेल्या रोपाची मुळं शेजाऱ्याकडून वळून लांब गेली होती. एकाच नाही, बहुतेक सगळ्या कुंड्यांत. आणि उंचीही कमी, शेजाऱ्याइतकी नाही, पण कमी. ज्या कुंड्यांत कुणालाच हात लावला नव्हता तिथं मुळं चारी बाजूंना सारखी.
म्हणजे ज्याला कुणी शिवलंही नाही, त्यालाही शेजाऱ्याचं कळलं होतं. आडोसा असून.
चष्मेवाली म्हणाली, इतक्यात नाचू नका, पुन्हा करून बघावं लागेल, दोनदा तरी. आणि स्वतः ओल्या हातांनी मला मिठी मारली. ब्लाउज भिजला. तिच्या प्रबंधात आता दाराजवळच्या रोपांचं वेगळं प्रकरण असणार आहे.
साहेब मुळं बघून खूश झाले. मग खिशातून रुमाल काढायला गेले आणि तो खाली पडला, त्यांना कळलंच नाही. मी उचलून दिला.

१७ एप्रिल
प्रयोगाची पुढची खेप आतल्या बाकावर हलवली, दाराजवळचा बाक रिकामा झाला. सकाळी तिथं ढोबळी मिरचीची रोपं मांडली. साहेबांना सांगायचं राहून गेलं. सव्वा वाजता आले, माझ्याशी बोलत उभे राहिले, सवयीनं हात मागे बाकावर गेला. बोलता बोलता थांबले.
"टोमॅटो हलवलेत का? ही पानं गुळगुळीत आहेत."
बाकाकडे त्यांची पाठ होती.