आबांच्या उशाचा रेडिओ

दादा,

आबांना पुन्हा फिट आली. आता शुद्धीवर आहेत, पण आई आणि मी त्यांना घेऊन मिरजेला दवाखान्यात निघालोय. भाकरी झाकून ठेवलीय, खाऊन ये. येताना त्यांचा चष्मा आण.

आणि सांगलीतून बॅटरीवरचा दुसरा गजराचा रेडिओ आणणार होतास, तो आणू नको. तू निवडलेला लाइटवर चालणारा इंटरनेटचाच राहू दे. आबांना लय आवडलाय.

लाइट गेली, गजर झालाच नाही, म्हणून आबांची फिटची पहाटेची गोळी चुकली, असं काल मी सगळ्यांसमोर म्हणाले. तू मान खाली घालून ऐकून घेतलंस. दादा, लाइट गेली नव्हती. गजर झाला होता. मीच तो बंद करून पुन्हा झोपले.

आईला सांगू नको. मीच सांगते.

शिवांजली