माझ्या हाताला बसणारं पिस्तूल

मंगळवार, ४ मार्च

केल्सीने आज जेवताना विषय काढला. तुल्सा शहरातल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी, पाळी उशिराची, पार्किंग लांब आणि अंधारं, खोलीवर एकटी. येत्या सोळाला निघणार. जवळ एक पिस्तूल असावं म्हणते. म्हणाली, डॅडी, तूच निवडून दे, तुला त्यातलं सगळं कळतं. माझ्या बायकोला, शेरिलला, एकदम ठसका लागला. घास अडकला असावा.

मी म्हटलं, हा तर माझ्या डाव्या हातचा मळ आहे.

फक्त स्वतःसाठी नोंद: पिस्तूल मी प्रत्यक्ष झाडलेलं नाही. रायफलही नाही. दर नोव्हेंबरला मित्रांबरोबर हरणांच्या शिकारीला जातो, पण तिथे चिलीचं, म्हणजे मांस-राजम्याच्या रश्श्याचं, पातेलं माझ्याकडे असतं, बंदूक धरायला सवड कुठली? गप्पा मात्र सगळ्या ऐकल्या आहेत आणि घरी येऊन सांगितल्याही आहेत. सांगताना कधीकधी हरीण मी पाडलेलं असतं. शिवाय मी इतकी वर्षं गाद्या विकतोय. गिऱ्हाईक दारातून आत आलं की त्याला कुठली गादी सोसेल ते मला चालीवरून कळतं. पिस्तुलाचं काय वेगळं असणार!

बेत: गावातल्या नेमबाजीच्या रेंजवर जायचं नाही, तिथे सगळे ओळखतात. पलीकडच्या काउंटीत हॅस्क्यू नावाच्या माणसाची रेंज आहे, तिथे सगळी पिस्तुलं भाड्याने मिळतात. एकेक वापरून बघायचं. मला जे बसेल तेच केल्सीला बसेल. रक्त एकच.

गुरुवार, ६ मार्च

हॅस्क्यू म्हणजे पोट सुटलेला, बडबड्या, सगळ्यांना ‘मालक’ म्हणणारा माणूस. विचारलं, मालक, आधी कधी चालवलंय? मी म्हटलं, बरीच वर्षं झाली. त्याने माझ्या हाताकडे बघितलं आणि कपाटातून पॉइंट बावीसचं एक छोटं पिस्तूल काढलं. मूठ जांभळी! स्काउटच्या पोरांना शिकवायला ठेवलंय म्हणे. सुरुवात यानेच करा म्हणाला. मी भिंतीवरच्या चव्वेचाळीस मॅग्नम रिव्हॉल्व्हरकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, मर्जी तुमची, आणि माझ्या मागे येऊन उभा राहिला. का, ते पहिल्या गोळीला कळलं. त्याने मला पाठीमागून धरलं नसतं तर मी खाली बसलो असतो. टोपी मात्र खाली जाऊन बसलीच.

टार्गेट कोरं करकरीत.

निष्कर्ष: रिव्हॉल्व्हरचा तोल पुढे जातो. बनावटीचा दोष आहे.

शनिवार, ८ मार्च

आज खिशात मावणारं. डोकं वापरलं: पिस्तूल छोटं म्हणजे दणका छोटा. उलटच निघालं. जेवढं हलकं तेवढं ते हातात उसळतं. हॅस्क्यू म्हणतो, मी आधीच सांगितलं होतं. सांगितलं असेल, पण कानावर ती संरक्षक टोपणं होती. पिस्तुलाचा वरचा भाग झटक्यात मागे आला आणि अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी घेऊन गेला. हॅस्क्यूने पट्टी बांधली. म्हणाला, मालक, मूठ खाली धरा म्हणजे चावणार नाही. चावणार नाही! कुत्र्याबद्दल बोलावं तसा.

शेरिलला सांगितलं, दुकानात स्टेपलर लागला. ती म्हणाली, हो का. बराच मोठा स्टेपलर दिसतोय.

मंगळवार, ११ मार्च

लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

आज मोठं नऊ मिलिमीटर घेतलं. हातात छान बसलं. मी मनाशी म्हटलं, व्हर्नन, हेच. झाडत गेलो. टार्गेट जवळ ओढून बघतो तर पुन्हा कोरं. तेवढ्यात शेजारच्या कप्प्यातून कुणीतरी हाक मारली. मिसेस ओडम! आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात त्या. वय पंच्याहत्तरच्या पुढे. म्हणाल्या, अरे व्हर्नन, मी मघापासून विचार करतेय, मी झाडल्या त्यापेक्षा माझ्या कागदावर भोकं जास्त कशी? नेम बरा आहे हो तुझा, घर तेवढं चुकतंय.

मी टार्गेट परत मागे सरकवलं आणि उरलेली शेवटची गोळी झाडली. तिची तापलेली पुंगळी उडून माझ्या कॉलरमधून थेट आत गेली. मी नाचलो. दुसरा शब्द नाही. हॅस्क्यू ओरडला, आधी पिस्तूल खाली ठेवा, मालक, मग नाचा! अख्खी रेंज थांबली होती. मिसेस ओडम यांनी माझा शर्ट मागून सोडवला आणि पुंगळी काढली. म्हणाल्या, कुणाला सांगणार नाही, बाळा. चोपन्नाव्या वर्षी बाळा.

भयंकर लाज वाटली. घरी आलो तरी कान गरम होते.

गुरुवार, १३ मार्च

रेंजवर गेलो नाही. दुकानात स्टॉक आला होता. (स्टॉक उद्या आहे.)

केल्सीला सुचवून पाहिलं की तू एकटीच हॅस्क्यूकडे जा, माणूस जाणकार आहे. ती म्हणाली, नाही डॅडी, तुझ्याबरोबरच. मैत्रिणींनासुद्धा सांगून ठेवलंय की माझा डॅडी निवडून देणार. अगदी विश्वासाने म्हणाली.

माझ्या फुशारकीपायी पोरीच्या हातात भलतंच पिस्तूल पडलं तर? त्या अंधाऱ्या पार्किंगमध्ये एकटी असताना? खरं सांगून टाकावं.

उद्या सांगतो.

शुक्रवार, १४ मार्च

स्टॉक आला. सांगायला वेळ झाला नाही.

शनिवार, १५ मार्च

गेलो. गाडीत मी तिला तोल, मूठ, दणका सगळं समजावलं. हॅस्क्यूने मला ओळख दाखवली नाही. चांगला माणूस आहे.

केल्सीने तिच्या मनाने मधल्या आकाराचं नऊ मिलिमीटर उचललं. पहिलीच गोळी काळ्या वर्तुळात. दुसरीही. मी म्हटलं, नवख्याचं नशीब असतं. मग ती म्हणाली, डॅडी, आता तू. झाडल्या. एकही कागदाला शिवली नाही. मी म्हटलं, याची नळीवरची नेमाची माशी हललेली आहे, हे पिस्तूल घेऊ नकोस.

हॅस्क्यूने पिस्तूल तपासलं, म्हणाला, ठीक आहे, आणि भरून परत दिलं. मी नेम धरला, चाप ओढला. नुसतं टिक्. आत खोटं काडतूस होतं. नवख्यांना शिकवताना मधेच एखादं घालतात म्हणे. आवाज नाही, दणका नाही, तरी नळी पार जमिनीकडे गेली, खांदे कानाला लागले आणि तोंडातून ‘हुं’ असा आवाज निघाला. एरवी धडाक्यात हे सगळं झाकलं जात होतं. आज झाकायला काहीच नव्हतं. डोळे उघडले तेव्हा कळलं की ते मिटलेले होते.

केल्सी बघत होती. हसली असती तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाली, डॅडी, तू घाबरतोस त्याला.

मग हॅस्क्यूने जांभळ्या मुठीचं आणलं. घेतलं. करतो काय? त्याला दणका असा नाहीच. पाचवी गोळी कागदाच्या कोपऱ्यात लागली, सहावी काळ्यात. म्हणजे मला बसणारं पिस्तूल सापडलं. केल्सीने टाळ्या वाजवल्या. ती सायकल शिकत होती तेव्हा मी अशाच वाजवायचो. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

तिने तिचं ते मधल्या आकाराचंच घेतलं. परत येताना मी विचारात होतो, सांगावं का. तोंड उघडलं आणि म्हणालो, माशी मात्र बघून घे हं. ती म्हणाली, बघते, डॅडी.

रविवार, १६ मार्च

केल्सी सकाळी गेली. दुपारी पोचल्याचा फोन आला. आईशी बोलली, मग फोन मला द्यायला सांगितला. विचारलं, डॅडी, पिस्तूल साफ करायला तेल कुठलं वापरू?

बरं वाटलं. अजून विचारते. मी सविस्तर सांगितलं. पातळ तेल, जाड तेल, थंडीतलं, उन्हाळ्यातलं, फडकं कसं असावं, नळीत ब्रश कुठल्या बाजूने घालावा. थोडं काल रात्री बघितलेल्या व्हिडिओतलं, बरंचसं तिथल्या तिथे सुचलेलं. ती ‘हो डॅडी’, ‘बरं डॅडी’ म्हणत होती. चांगला अर्धा तास बोललो. फोन ठेवताना पुष्कळ दिवसांनी पूर्वीसारखं वाटलं.

शेरिल भांडी पुसत होती. म्हणाली, तेलाचं काय एवढं? काल तूच नाही का तिला बाटली घेऊन दिलीस, ब्रश आणि फडक्यासकट? रात्री बॅग भरताना मला दाखवत होती. पिस्तूल डॅडीने निवडलं, तेल डॅडीने निवडलं, खूप माहिती आहे त्याला, म्हणत होती.

ती बाटली मी पाहिलीही नव्हती. म्हणालो, हो, मीच दिली. विसरलो.